विजेचा शेक : झटका न देणाऱ्या विजेची गोष्ट

गेल्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ वाटून झाल्यावर आपल्या मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद मला हळूच पार्किंगमध्ये घेऊन गेले. गाडीच्या ट्रंकमधून त्यांनी एक जुनी पेटी काढली. पेटीला आतून मखमलीचे अस्तर, त्यात एक जाडजूड मूठ, आणि निरनिराळ्या आकारांच्या काचेच्या नळ्या : एक कंगव्यासारखी, एक अळंब्यासारखी, एक चमच्यासारखी. गावातल्या एका एस्टेट सेलमध्ये त्यांना ती चाळीस डॉलरला मिळाली होती. विकणाऱ्याने प्लग लावून दाखवला तेव्हा नळीत सुंदर जांभळा प्रकाश पडला म्हणे. "गुडघ्याला लावून बघू का?" त्यांनी विचारले. "पुण्यात फिजिओथेरपीला जायचो तिथे विजेचा शेक देत असत, त्यानं बरं वाटायचं. हे तेच ना?"

काकांना दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला आहे हे मला ठाऊक होते. तेव्हा "नको" एवढेच मी तिथल्या तिथे सांगितले. का नको, हे थंडीत उभ्या उभ्या सांगण्यासारखे नव्हते. मी डॉक्टर नाही. रुग्णालयातील विजेच्या उपकरणांची देखभाल करण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. तेवढ्या अधिकारावर त्या पेटीची आणि तिच्या नातलगांची हकिगत इथे सांगतो. त्या पेटीचे आणि पुण्यातल्या शेकाचे मूळ एकच आहे, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर सर्जनच्या हातात असणाऱ्या विजेच्या सुरीचेही तेच. पण तिघांची योग्यता मात्र अगदी वेगवेगळी.

आधी एक साधा प्रश्न. वीज अंगातून गेली तर झटका बसतो, प्रसंगी जीव जातो. मग वीज अंगात सोडून उपचार कसा होतो?

आपल्या घरातला प्रवाह सेकंदाला ६० वेळा मागेपुढे होतो. भारतात ५० वेळा. याला वारंवारता, म्हणजेच फ्रिक्वेन्सी, म्हणतात. आपले मज्जातंतू आणि स्नायू उत्तेजित होतात ते त्यांच्या पातळ आवरणाच्या दोन्ही बाजूंच्या विद्युतभारित क्षारकणांची हालचाल झाल्यामुळे. त्या हालचालीला थोडा अवधी लागतो. सेकंदाला ६० वेळा दिशा बदलणारी वीज तेवढा अवधी देते, म्हणून स्नायू आखडतो, हृदयाचा ताल बिघडतो. पण तीच वीज सेकंदाला पाच लाख वेळा मागेपुढे होऊ लागली तर एका दिशेला तिला सेकंदाचा जेमतेम दहा लाखावा भाग मिळतो. क्षारकण जरा सरकतात न सरकतात तोच त्यांना उलट फिरावे लागते. झोपाळ्यावर बसलेल्या माणसाला सावकाश ढकलले तर झोका जातो. तोच झोपाळा कोणी थरथरवल्यासारखा हलवू लागला तर झोका जाणारच नाही, कड्या मात्र घासून तापतील. शरीरात नेमके हेच होते. झटका बसत नाही, पण पेशी तापतात.

उच्च वारंवारतेच्या विजेने वैद्यकात जे काही खरे काम केले आहे ते बहुतेक सगळे या तापण्याच्या जोरावर. हे वाक्य वाचकांनी जरा लक्षात ठेवावे, कारण पुढे अनेक ठिकाणी ते उपयोगी पडेल.

ही गोष्ट पद्धतशीरपणे दाखवून दिली ती पॅरिसच्या आर्सेन द'आर्सोनव्हाल या शरीरशास्त्रज्ञाने. जन्म १८५१, मृत्यू १९४०. क्लोद बर्नार या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली तयार झालेला माणूस. १८९० च्या सुमारास त्याने स्नायूंतून सोडलेल्या प्रवाहाची वारंवारता क्रमाक्रमाने वाढवत नेली. काही हजारांच्या पुढे गेल्यावर स्नायूंचे आखडणे कमी कमी होत गेले आणि शेवटी थांबलेच. मग त्याने दोन माणसांच्या हातांमध्ये दिवा देऊन त्यांच्याच शरीरांतून प्रवाह सोडला. दिवा पेटला, माणसांना काही झाले नाही. घरातल्या विजेचा एक दशांश अँपिअर छातीतून गेला तरी हृदय बंद पडू शकते, आणि इथे त्याच्या कितीतरी पट प्रवाह जात होता! अटलांटिकच्या अलीकडे न्यूयॉर्कमध्ये निकोला टेस्ला त्याच काळात स्वतःच्या अंगावरून असेच प्रवाह खेळवून लोकांना थक्क करत होता. १८९१ साली कोलंबिया कॉलेजात त्याने दिलेले व्याख्यान विजेच्या इतिहासात गाजले. १८९८ मध्ये बफेलो येथे विद्युतचिकित्सकांच्या परिषदेपुढे त्याने या विषयावर निबंधही सादर केला.

इथवर सगळे शास्त्र होते. गडबड इथून पुढे झाली. इतकी प्रचंड वीज अंगातून जाते आणि काहीच होत नाही, हे मनाला पटेना. काहीतरी होतच असले पाहिजे! द'आर्सोनव्हालने माणूस उभा राहील एवढे मोठे तारेचे वेटोळे केले. त्या पिंजऱ्यात रुग्णाला उभे करायचे, तारेला हातही लावायचा नाही, आणि रक्तदाबापासून संधिवातापर्यंत सर्वांवर उपचार करायचे. त्याचा सहकारी पॉल उदँ याने विजेचा दाब आणखी वाढवणारे वेटोळे जोडून अंगावर जांभळट ठिणग्यांचा फवारा सोडण्याची युक्ती काढली, आणि तो त्वचारोगांवर वापरू लागला. युरोपातल्या रुग्णालयांतून 'द'आर्सोनव्हलीकरण' असे भारदस्त नाव मिळालेली ही चिकित्सा जोरात चालली. रुग्णांना बरे वाटे. ते पिंजऱ्यामुळे, की डॉक्टरने अर्धा तास आपल्याकडे लक्ष दिल्यामुळे, हे तपासण्याची रीत त्या काळी रूढ नव्हती.

बर्लिनच्या फ्रान्झ नागेलश्मिट या डॉक्टरने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विचाराची दिशा बदलली. त्याचे म्हणणे साधे होते. गूढ वगैरे काही नाही, वीज अंग आतून तापवते. तेव्हा तापवणे हाच उपचार समजा आणि नीट मोजूनमापून तापवा. 'आरपार उष्णता' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्याने या पद्धतीला 'डायथर्मी' हे नाव दिले. गरम पाण्याची पिशवी कातडी तापवते, पण खोलवर उष्णता पोचेपर्यंत रक्त ती वाहून नेते. डायथर्मीत सांध्याच्या आतली स्नायूंची व इतर ऊतींची जागाच तापते. पुण्यातल्या शेकाचा हा मूळपुरुष.

१९२० नंतर रेडिओच्या व्हॉल्व्हमुळे वारंवारता आणखी वर नेता येऊ लागली. सेकंदाला लाखांच्या ऐवजी कोटींची भाषा सुरू झाली, आणि कातडीला धातूची पट्टी घट्ट लावण्याची गरजही उरली नाही; गुडघ्याच्या दोन बाजूंना रबरी आवरणातल्या चकत्या थोड्या अंतरावर ठेवल्या तरी पुरे. याला शॉर्टवेव्ह डायथर्मी म्हणतात. याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत, शक्तिशाली प्रक्षेपकांजवळ काम करणाऱ्यांच्या अंगात ताप चढतो असे दिसून आले. प्रयोगशाळेचे प्रमुख विलिस व्हिटनी यांनी त्यावरून मुद्दाम ताप आणणारे यंत्रच तयार करवले. आज हे विचित्र वाटेल, पण मेंदूत गेलेल्या उपदंशावर तेव्हा दुसरे औषध नव्हते. रुग्णाला मलेरिया टोचून ताप आणण्याच्या उपचाराबद्दल व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेग यांना १९२७ चे नोबेल मिळाले होते. मलेरियाऐवजी यंत्राने ताप आणता आला तर बरेच की! पुढे १९४० च्या दशकात पेनिसिलिन आले आणि ही सगळी तापयंत्रे अडगळीत गेली.

जाता जाता एक गंमत. ही यंत्रे म्हणजे खरे तर छोटी रेडिओ केंद्रेच. डॉक्टरांनी शेक सुरू केला की शेजारच्या घरांतले रेडिओ खरखरू लागत. दुसऱ्या महायुद्धात तर हेर त्यांचा संदेश पाठवण्यासाठी वापर करतील अशी धास्ती होती, म्हणून १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने डायथर्मी यंत्रांची नोंदणी सक्तीची केली. युद्धानंतर, १९४७ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत, उद्योग, विज्ञान व वैद्यक यांच्यासाठी काही वारंवारता वेगळ्या राखून ठेवल्या गेल्या. त्यातली २७.१२ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २ कोटी ७१ लाख २० हजार वेळा, ही शॉर्टवेव्ह डायथर्मीची नेहमीची वारंवारता आहे. ट्रकवाल्यांचा सीबी रेडिओही याच आसपास चालतो.

आता त्या शेकाचा उपयोग किती? दुखरा, आखडलेला स्नायू तापला की सैल पडतो, रक्तपुरवठा वाढतो, वेदना काही वेळ कमी होते. काकांना बरे वाटायचे ते खोटे नव्हे. पण झिजलेली कूर्चा शेकाने भरून येत नाही. गुडघ्याच्या झिजेवर व्यायाम आणि वजन कमी करणे हेच उपचाराचे मुख्य अंग मानले जाते. इथल्या फिजिकल थेरपिस्टकडे गेल्यावर तो शेक देण्याऐवजी जिना चढायला आणि खुर्चीतून उठबस करायला लावतो, म्हणून आपली मंडळी नाराज होतात. "काही केलंच नाही हो त्यानं, नुसता व्यायाम सांगितला आणि एवढं बिल!" ही तक्रार मी कितीदा ऐकली आहे. त्या बिलात सगळ्यात मोलाची वस्तू तो व्यायामच असतो.

काकांची जांभळी पेटी

आता त्या पेटीकडे येऊ. फ्रेडरिक स्ट्राँग नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हवा काढलेल्या काचेच्या नळीतून उच्च वारंवारतेची वीज कातडीवर सोडण्याची पद्धत आणली. नळीत उरलेली विरळ हवा विजेने जांभळी चमकते. एवढ्यावरून कारखानदारांनी तिचे नाव 'व्हायोलेट रे', म्हणजे जांभळा किरण, ठेवले. अतिनील किरणांशी, म्हणजे अल्ट्राव्हायोलेटशी, नामसाधर्म्य झाले ते विक्रीला सोयीचेच. नळीत हवेऐवजी निऑन भरला तर प्रकाश नारिंगी पडतो, आणि विकणारे त्यालाही निराळे गुण चिकटवतात.

मूठ उघडून पाहिली तर आत दाराच्या घंटीसारखी थरथरणारी एक पट्टी, एक कपॅसिटर आणि तारेची वेटोळी, एवढेच असते. कातडीजवळ नेले की बारीक ठिणग्या उडतात, मुंग्या येतात, ओझोनचा तो पावसाळी विजेनंतर येतो तसा वास येतो. मुंग्या, प्रकाश, वास : औषध लागू पडल्याची खूण म्हणून माणसाला आणखी काय हवे? १९१० ते १९४० च्या दरम्यान हजारो अमेरिकन घरांत या पेट्या गेल्या. सोबतच्या पुस्तिकांतून टक्कल, कोंडा, दमा, बहिरेपणा, मूळव्याध, संधिवात असे वाट्टेल ते बरे होण्याची हमी असे. प्रत्यक्षात कातडीवर जाणारी ऊर्जा इतकी थोडी की आतला सांधा तापण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे शेकाचा जो एकमेव खरा गुण, तोच या पेटीत नाही.

कायदा काय करत होता, असे कोणी विचारील. १९०६ चा अमेरिकन कायदा अन्न आणि औषधांपुरता होता. यंत्रे त्यात नव्हतीच. १९३८ च्या कायद्याने एफडीएला यंत्रांवर अधिकार मिळाला, पण तोही खोटे दावे करून विकल्यावर कारवाई करण्याचा. त्यानंतरच्या दोन दशकांत जांभळ्या पेट्यांच्या कारखानदारांवर खटले झाले, माल जप्त झाला. विकण्याआधीच यंत्र सुरक्षित व उपयोगी आहे का हे पाहण्याची तरतूद यायला १९७६ उजाडले.

या धंद्यातला सर्वात हुशार माणूस मात्र पेट्या विकत नसे, भाड्याने देई. सान फ्रान्सिस्कोचा डॉक्टर आल्बर्ट एब्रॅम्स. प्रत्येक रोगाचे आपले एक विद्युतकंपन असते, ते रक्ताच्या एका थेंबावरून ओळखता येते, आणि आपल्या 'ऑसिलोक्लास्ट' यंत्राने तेच कंपन परत सोडले की रोग नष्ट होतो, असे तो सांगे. देशभरच्या चिकित्सकांनी ते यंत्र भाड्याने घेतले. अट एकच : पेटी मोहोरबंद राहील, उघडायची नाही. संशयी डॉक्टरांनी प्राण्यांचे रक्त माणसाचे म्हणून तपासायला पाठवले; एका कोंबड्याला त्यातून मलेरिया, मधुमेह आणि कर्करोग झाल्याचे निदान आले. १९२३-२४ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाने एक समिती नेमून कसून तपास केला आणि यंत्रात काहीही तथ्य नसल्याचे जाहीर केले. तोवर, १९२४ च्या जानेवारीतच, एब्रॅम्स मोठी संपत्ती मागे ठेवून वारला होता. पेट्या उघडल्या तेव्हा आत किरकोळ तारांचा निरर्थक गुंता निघाला.

एक डॉलरचे पेटंट

याच्या अगदी उलट माणूस म्हणजे विल्यम बोव्ही. मिशिगन राज्यात १८८२ साली जन्मलेला, वनस्पतिशास्त्रातून भौतिकशास्त्राकडे आलेला, हार्वर्डमध्ये कर्करोग संशोधनात काम करणारा. विजेने गाठी जाळण्याचे प्रयत्न युरोपात आधी झाले होते. बोव्हीने असे यंत्र बनवले की त्यातला प्रवाह एका प्रकारे सोडला तर ऊती कापली जाते, आणि तुटक तुटक सोडला तर रक्त गोठून वाहणे थांबते. एकाच टोकाने कापायचे आणि रक्तही थांबवायचे!

बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात तेव्हा हार्वी कुशिंग हे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे अध्वर्यू काम करत होते. मेंदूच्या शस्त्रक्रियेत मोठा शत्रू म्हणजे रक्तस्राव. तिथे धमनीला दोऱ्याने गाठ मारायला जागाच नसते. कुशिंग चांदीच्या बारीक चिमट्या वापरत, तरी कित्येक गाठी त्यांना अर्ध्यात सोडाव्या लागत. १९२६ च्या सप्टेंबरच्या अखेरीस एका रुग्णाच्या डोक्यावरची रक्ताने भरलेली गाठ काढताना इतका रक्तस्राव झाला की शस्त्रक्रिया थांबवावी लागली. तीन दिवसांनी, १ ऑक्टोबर १९२६ रोजी, कुशिंगनी बोव्हीला यंत्रासकट बोलावले. बोव्ही यंत्राशी बसला, कुशिंगनी तारेच्या टोकाने गाठ थोडी थोडी कापून काढली, आणि ती संपूर्ण निघाली. त्यानंतर कुशिंगनी पूर्वी 'अशक्य' म्हणून परत पाठवलेल्या रुग्णांना पुन्हा बोलावणे धाडले.

सुरुवातीचे दिवस सोपे नव्हते. एकदा प्रवाह धातूच्या उपकरणातून कुशिंग यांच्या हातात शिरला आणि कपाळावरच्या दिव्यातून बाहेर पडला. भूल देण्यासाठी ईथर वापरत; त्याची वाफ ठिणगीने पेट घेते. तरीही पद्धत टिकली, कारण ती खरोखरच उपयोगी होती आणि कोणीही पेटी उघडून पाहू शकत होता.

बोव्हीला काय मिळाले? त्याने पेटंटचे हक्क सिनसिनाटीच्या एका कारखानदार कंपनीला एक डॉलरला दिले. हार्वर्डने त्याला कायम केले नाही. पुढे तो मेन राज्यात गेला आणि १९५८ साली वारला. एब्रॅम्सची बंद पेटी आणि बोव्हीचा एक डॉलर शेजारी शेजारी ठेवले की माझ्यासारख्या यंत्रातल्या माणसाला थोडे वाईटच वाटते. आज अमेरिकेतल्या शस्त्रक्रियागृहांत विजेच्या सुरीला सर्रास 'बोवी' म्हणतात, आणि म्हणणाऱ्या कित्येकांना ते माणसाचे नाव आहे हे ठाऊक नसते.

शब्दांचा घोळ इथे लक्षात घ्यावा. ब्रिटनमध्ये, आणि म्हणून भारतातही, शस्त्रक्रियेतल्या या सुरीला 'डायथर्मी' म्हणतात. आपल्याकडचे सर्जन 'कॉटरी'ही म्हणतात. अमेरिकेत डायथर्मी म्हटले की बहुधा शेकच समजला जातो. आईवडिलांची भारतातली फाईल इथल्या डॉक्टरला दाखवताना हा फरक सांगावा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच विजेला आणखी एक काम मिळाले. बारीक नळीच्या टोकातून ती हृदयात नेऊन, ताल बिघडवणारा नेमका ठिपका तापवून निकामी करता येतो. माणसांवर हे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले; रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन ते हेच. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या असह्य कळा, यकृतातल्या लहान गाठी, पाठीतले काही दुखणे यांवरही ते वापरतात. वारंवारता बोव्हीच्या यंत्राच्याच पट्ट्यातली, सेकंदाला सुमारे पाच लाख.

धातू आणि वीज

आता काकांच्या पेसमेकरचा प्रश्न. पेसमेकरची तार हृदयाच्या आत टेकलेली असते. बाहेरून उच्च वारंवारतेची शक्ती आली की ती तार अँटेनासारखी ती गोळा करते आणि सगळी उष्णता टोकाशी, अगदी थोड्या जागेत, निर्माण होते. शिवाय पेसमेकर गोंधळून ठोका द्यायचा थांबू शकतो. ही नुसती शंका नाही. २००२ च्या डिसेंबरमध्ये एफडीएने डॉक्टरांना तातडीची सूचना पाठवली. मेंदूत उत्तेजक तार बसवलेल्या दोन रुग्णांना डायथर्मीचा शेक दिल्यानंतर मेंदूला इजा होऊन ते दगावले होते. शेक मेंदूपासून दूर दिला असला तरी तारेतून उष्णता पोचू शकते, आणि उपकरण बंद करून ठेवल्यानेही धोका टळत नाही. म्हणून पेसमेकर, डिफिब्रिलेटर, मेंदूतील वा मणक्यातील उत्तेजक, कानातले कॉक्लिअर इम्प्लांट, यांपैकी काहीही असेल तर शॉर्टवेव्ह किंवा मायक्रोवेव्ह डायथर्मी अजिबात घेऊ नये. उपकरण काढले पण तार आत राहिली आहे, तरीही नाही. गुडघ्यात किंवा खुब्यात धातूचा सांधा असेल तर शेक देणाऱ्याला ते आधीच सांगावे.

आणि काकांच्या जांभळ्या पेटीची शक्ती जरी क्षुल्लक असली तरी तिच्या ठिणग्यांचा विद्युतगोंगाट पेसमेकरजवळ नेणे शहाणपणाचे नाही. त्यातून ती ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची. तारेवरचे कापडी वेष्टण कुजलेले, कपॅसिटर कधीही फुटेल असा, आणि मुठीतले वेटोळे थेट भिंतीतल्या विजेला जोडलेले. म्हणजे झटका न देणाऱ्या विजेच्या पेटीतून झटका देणारी ६० हर्ट्झची वीज हातात येण्याची पुरेपूर सोय. ओझोन दम्याच्या माणसाला वाईट, ते वेगळेच. काचेच्या नळ्यांची नवी यंत्रे आजही ब्यूटी पार्लरमध्ये फेशियलच्या वेळी वापरतात, आणि 'दार्सोनव्हाल' याच नावाने पूर्व युरोपात घरगुती वापरासाठी विकतात. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने तिथेही "माझ्यासाठी नको" म्हणावे.

शस्त्रक्रियेतल्या सुरीची गोष्ट वेगळी. पेसमेकर असला तरी ती वापरता येते, पण सर्जनला व भूलतज्ज्ञाला आधी माहीत हवे. ते पेसमेकरची व्यवस्था करतात, सुरीची पट्टी कुठे लावायची ते ठरवतात. ही पट्टी म्हणजे मांडीला चिकटवतात तो चकती-कागद. सुरीच्या टोकाशी प्रवाह बारीक जागेत एकवटतो म्हणून कापतो. तोच प्रवाह शरीरातून परत जाताना रुंद पट्टीवर पसरतो म्हणून तिथे भाजत नाही. पट्टी अर्धवट सुटली तर मात्र भाजते.

दागिन्यांचा आग्रहही यासाठीच. मंगळसूत्र, पाटल्या, जोडवी, नथ काढायला सांगितले की आपल्या कित्येक भगिनींना ते जड जाते, आणि "डॉक्टर, फक्त मंगळसूत्र राहू द्या" अशी विनवणी होते. १९७० च्या दशकापासून आलेल्या यंत्रांत दागिन्यावाटे प्रवाह जाऊन भाजण्याचा धोका पुष्कळ कमी झाला आहे, पण शून्य झालेला नाही; शिवाय हात सुजला की बांगडी रुतते. वर्षानुवर्षे न निघालेली पाटली असेल तर शस्त्रक्रियेच्या सकाळी घाई करू नका. आठवडाभर आधी सोनाराकडून कापून घ्या.

पैशांविषयीही थोडे. 'एफडीए रजिस्टर्ड' हे शब्द जाहिरातीत दिसले तर फसू नका. कारखान्याने आपले नाव आणि यंत्र एफडीएकडे नोंदवले, एवढाच त्याचा अर्थ. यंत्राला मंजुरी मिळाली असा नव्हे, आणि एफडीए तसले सुशोभित प्रमाणपत्र देत नाही. यंत्र नेमके कशासाठी मान्य झाले आहे ते विचारा. वेदनेसाठी मान्य झालेले यंत्र मधुमेहासाठी विकले जाते ते इथेच. बारा किंवा वीस 'सिटिंग'चे पैसे एकदम आगाऊ मागितले तर विमा कंपनीला फोन करून ती रक्कम देते का ते विचारा. देत नसेल तर का देत नाही, तेही विचारायला लाजू नका.

काकांनी पेटीची वायर माझ्यादेखत कात्रीने कापली. नळ्या नातवाला दाखवायला ठेवल्या आहेत. या उन्हाळ्यात त्यांचे थोरले बंधू साताऱ्याहून येणार आहेत, त्यांनाही पेसमेकर आहे. तुमच्याकडे असे कोणी पाहुणे येणार असतील तर उपकरण बसवताना रुग्णालयाने दिलेले कार्ड, ज्यावर उपकरणाचे नाव, क्रमांक आणि बसवल्याची तारीख असते, ते त्यांना पासपोर्टच्या पाकिटात ठेवायला सांगा, आणि त्याची एक प्रत आजच फोनवरून मागवून घ्या.